सिनॅप्समधील खुंटाळी आणि प्रकाशाची मर्यादा

‘एमआरआय तर नॉर्मल आला, मग बिघाड नेमका आहे कुठे?’ अडीच-तीन वर्षांचे होऊनही एक शब्द न बोलणाऱ्या, हाकेला न वळणाऱ्या मुलाचे आई-वडील हा प्रश्न विचारतात, आणि तो ज्याने कधी ऐकला नाही असा बालरोगतज्ज्ञ आपल्या मंडळात शोधूनही सापडणार नाही. त्याचे प्रामाणिक उत्तर असे, की बिघाड असूच शकतो, पण ज्या मापाचा तो आहे त्या मापाचे एमआरआयला दिसत नाही. एमआरआयच्या चित्रातील एक ठिपका म्हणजे साधारण एक मिलिमीटर लांब, रुंद व खोल असा मेंदूचा तुकडा. आणि मेंदूच्या बाह्यकात तेवढ्याशा जागेत कोट्यवधी चेतासंधी, म्हणजे सिनॅप्स, दाटीवाटीने बसलेले असतात. विमानातून घेतलेले शहराचे छायाचित्र पाहून एखाद्या घराच्या दाराची बिजागरी खिळखिळी झाली आहे की नाही हे सांगण्याची अपेक्षा करावी, तसे ते आहे.

ही बिजागरी प्रत्यक्ष पाहता येईल अशी साधने गेल्या वीस-पंचवीस वर्षांत निर्माण झाली. त्यांनी काय दाखवले आणि आपल्यासारख्या रुग्ण तपासणाऱ्या माणसाला त्याचा उपयोग काय, हे यंदाच्या स्मरणिकेत थोडे सविस्तर मांडावे असे वाटले. मी भौतिकशास्त्रज्ञ नाही. तेव्हा प्रकाशशास्त्राची बाजू मला जशी समजली तशी, शक्यतो सूत्रे टाळून सांगतो.

सिनॅप्स हा शब्द चार्ल्स शेरिंग्टन यांनी १८९७ मध्ये रूढ केला. त्या वेळी ती केवळ तर्काने मानलेली गोष्ट होती. दोन मज्जापेशींमध्ये खरोखरच फट आहे हे १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीने दाखवले. ही फट सुमारे २० नॅनोमीटर रुंद, म्हणजे एका मिलिमीटरचा पन्नास हजारावा भाग. फटीच्या अलीकडच्या काठावर संप्रेषक रसायनाच्या पिशव्या रित्या होतात, आणि पलीकडच्या काठावर, पेशीपटलाच्या लगत आतल्या बाजूने, एक गर्द काळा पट्टा दिसतो. त्याला पोस्टसिनॅप्टिक डेन्सिटी, संक्षेपाने पीएसडी, म्हणतात. पट्ट्याची जाडी ३० ते ५० नॅनोमीटर आणि रुंदी काहीशे नॅनोमीटर. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीच्या चित्रात तो शाईचा डाग पडल्यासारखा दिसतो. डागात काय आहे ते मात्र त्या चित्रावरून कळत नाही.

पुढे जीवरसायनशास्त्राने तो डाग उकलला. १९९२ मध्ये कॅलिफोर्नियातील मेरी केनेडी यांच्या प्रयोगशाळेने त्यातील एका मुख्य प्रथिनाची ओळख पटवली, ते पीएसडी-९५. मागोमाग १९९७ मध्ये होमर आणि १९९९ मध्ये शँक ही प्रथिने सापडली. या सर्वांना इंग्रजीत स्कॅफोल्ड म्हणतात, आणि मराठीत त्याचे भाषांतर बहुधा ‘परांची’ असे होते. मला ते पटत नाही. परांची इमारत बांधून होईपर्यंतच उभी असते, मग गवंडी ती उतरवतात. ही प्रथिने तर आयुष्यभर तेथेच राहतात आणि इतर प्रथिनांना जागच्या जागी धरून ठेवतात. आपल्या जुन्या घरांत भिंतीला खुंटाळे ठोकलेले असे. टोपी, पिशवी, छत्री, प्रत्येकाची खुंटी ठरलेली. पीएसडी-९५ हे तसे खुंटाळे आहे. त्याच्या साखळीत पीडीझेड नावाचे तीन भाग ओळीने येतात आणि त्या खुंट्यांवर इतर प्रथिनांची शेपटे अडकतात. ग्लुटामेटचे एनएमडीए ग्राही सरळ अडकतात. एएमपीए ग्राही स्टारगेझिनच्या जातीच्या जोडीदार प्रथिनामार्फत अडकतात. खुंटाळ्याच्या दुसऱ्या टोकाला जीकेएपी, त्याला शँक, शँकला होमर, आणि तेथून पुढे पेशीच्या अॅक्टिन तंतूंपर्यंत ही साखळी पोचते. एका पीएसडीत पीएसडी-९५ चे सुमारे ३०० रेणू असतात असा अंदाज आहे.

हे सर्व कोण कोणाला चिकटते याचे ज्ञान झाले. ते परीक्षानळीत, पेशी दळून मिळालेले. पण नात्यांची यादी म्हणजे घराचा नकाशा नव्हे. आणि सिनॅप्समध्ये जागेला विलक्षण महत्त्व आहे. एका पिशवीतून सुटलेला ग्लुटामेट फटीत क्षणार्धात पसरून विरळ होतो, आणि एएमपीए ग्राहीची ग्लुटामेटवरची पकड मुळात सैल. त्यामुळे पिशवी जेथे फुटली त्याच्या अगदी समोर असलेला ग्राही उघडेल, शंभर-दीडशे नॅनोमीटर बाजूला असलेला बहुधा बंदच राहील. ग्राहींची संख्या तीच ठेवून केवळ त्यांच्या जागा हलवल्या तरी संदेशाचा जोर बदलतो. म्हणून कोणते प्रथिन कोठे आहे हा प्रश्न कुतूहलापुरता उरत नाही.

तो सोडवण्याच्या आड प्रकाशच आला. येना येथील एर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये दाखवून दिले, की भिंग कितीही निर्दोष घासले तरी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या सुमारे निम्म्यापेक्षा जवळ असलेले दोन बिंदू वेगळे दिसणार नाहीत. विवर्तनामुळे ते एकमेकांत मिसळतात. हिरव्या प्रकाशासाठी ही मर्यादा सुमारे २०० नॅनोमीटर, आणि खोलीच्या दिशेने त्याहून वाईट. जीवाणू त्यात बसतात, म्हणून आपण कफाची स्लाइड पाहू शकतो. पण ज्याची सगळी रुंदीच काहीशे नॅनोमीटर आणि जाडी पन्नासच्या आत, तो पीएसडी म्हणजे एक धूसर गोळा. फटीच्या अलीकडचे प्रथिन लाल रंगाने व पलीकडचे हिरव्या रंगाने रंगवले, तर साध्या सूक्ष्मदर्शीत दोन्ही मिळून पिवळा ठिपका दिसे आणि शोधनिबंधात ‘दोन्ही एकाच जागी आढळली’ असे लिहिले जाई. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीत सोन्याचे कण जोडलेली प्रतिपिंडे वापरून काही गट जागा शोधत होते आणि पीएसडीत थर असावेत असे त्यांना दिसलेही होते. परंतु एका सिनॅप्सवर जेमतेम काही कण बसत, आणि तीन-चार प्रथिने एकदम पाहणे फार अवघड.

आबे यांचा नियम खोटा ठरला नाही, त्याला वळसा घातला गेला. पहिला वळसा स्टेफान हेल यांचा. फिनलंडमधील तुर्कू येथे असताना १९९४ मध्ये त्यांनी कल्पना मांडली, की एका लेसरने प्रतिदीप्त रेणू चेतवावेत आणि लगेच बांगडीच्या आकाराच्या दुसऱ्या लेसरने भोवतालचे रेणू विझवावेत. म्हणजे बांगडीच्या मधल्या छिद्रातील तेवढेच उजळत राहतील. छिद्र हवे तेवढे लहान करता येते. या पद्धतीला स्टेड म्हणतात.

दुसरा वळसा मला अधिक आवडतो, कारण त्यासाठी बुद्धी लागली, पण कल्पना लहान मुलालाही सांगता येते. जेजुरीच्या गडावरील दीपमाळा आपल्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील. पेटलेली दीपमाळ दुरून पाहिली तर उजेडाचा एकच लोळ दिसतो. किती दिवे, कोठे कोठे, काही कळत नाही. आता समजा, सगळे दिवे विझवले आणि एका वेळी इकडे-तिकडे दूरदूरचे चार-दोनच क्षणभर पेटू दिले. प्रत्येक दिवा अंधुक गोळ्यासारखाच दिसेल. परंतु गोळा एकट्याचा आहे हे ठाऊक असल्याने त्याचा मध्यबिंदू कागदावर बराच अचूक टिपता येईल. मग ते विझवून दुसरे चार पेटवावेत, पुन्हा टिपावेत. हजारो वेळा असे केले, की कागदावर दीपमाळेतील एकेक दिवा आपल्या जागी उमटतो. रेणूंच्या बाबतीत नेमके हेच करतात. प्रकाशाने चालू-बंद होणारे रंग वापरायचे, हजारो छायाचित्रे घ्यायची, प्रत्येकातील विरळ ठिपक्यांचे मध्य संगणकाने काढायचे आणि शेवटी सर्व बिंदू एकाच नकाशावर मांडायचे. रेणूकडून जितके अधिक प्रकाशकण मिळतील तितका मध्य अचूक. कणांची संख्या शंभरपट झाली तर चूक दहापट घटते. प्रत्यक्षात २० नॅनोमीटरच्या आसपासचे तपशील वेगळे दिसतात.

याचा पाया विल्यम मर्नर यांनी घातला. १९८९ मध्ये त्यांनी एकट्या रेणूने शोषलेला प्रकाश मोजला, आणि १९९७ मध्ये हिरव्या प्रतिदीप्त प्रथिनाचा रेणू विझतो आणि पुन्हा पेटवता येतो हे पाहिले. त्यावर यंत्र उभारले एरिक बेट्झिग यांनी. हे गृहस्थ बेल प्रयोगशाळेतील संशोधन सोडून काही वर्षे मिशिगनमध्ये वडिलांच्या यंत्रनिर्मितीच्या कारखान्यात काम करत होते. परत यावेसे वाटले तेव्हा नोकरी नव्हती. मित्र हॅराल्ड हेस यांच्या ला होया येथील घरातील बैठकीच्या खोलीत दोघांनी सूक्ष्मदर्शी जुळवला. २००६ मध्ये त्यांची पद्धत पाम या नावाने प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी हार्वर्ड येथील शियाओवेई झुआंग यांनी स्टॉर्म नावाची जवळजवळ तीच युक्ती स्वतंत्रपणे मांडली. रसायनशास्त्राचे २०१४ चे नोबेल बेट्झिग, हेल व मर्नर यांना विभागून मिळाले. एका पारितोषिकात तिघांहून अधिक नावे घेता येत नाहीत हा नियम ठाऊक असूनही झुआंग यांचे नाव त्यात नसणे मला खटकते. विशेषतः सिनॅप्सचा नकाशा काढण्याचे पहिले मोठे काम त्यांच्याच प्रयोगशाळेत झाले म्हणून.

ते काम २०१० चे. उंदराच्या मेंदूच्या कापांवर त्यांनी सिनॅप्समधील दहा प्रथिनांच्या जागा मोजल्या. साध्या सूक्ष्मदर्शीतील एकाकार ठिपका येथे दोन समोरासमोरच्या चकत्यांत उलगडला: एका बाजूला फटीअलीकडचे बसून, दुसऱ्या बाजूला पलीकडचे होमर, आणि मध्ये स्वच्छ मोकळी जागा. पलीकडच्या चकतीतही थर होते. पेशीपटलाला लागून पीएसडी-९५, त्याच्या मागे शँक, त्याही मागे होमर. परीक्षानळीत जी साखळी जुळली होती तीच पटलाकडून आत अशी क्रमाने मांडलेली आढळली. अलीकडच्या बाजूची बसून व पिकोलो ही दोन अजस्र प्रथिने (नावे वाद्यांची, कारण शोधणाऱ्यांना तशी हौस असावी) गुंडाळी होऊन पडलेली नाहीत. ती पटलाकडे एक टोक आणि आतल्या बाजूला दुसरे अशी ताठ उभी असतात, हे त्यांच्या दोन्ही टोकांना वेगवेगळी प्रतिपिंडे लावून दाखवता आले. आणि एक सिनॅप्स दुसऱ्यासारखा नसतो, ग्राहींची संख्या व मांडणी प्रत्येकाची निराळी, हेही दिसले.

२०१३ मध्ये पुढचा धक्का बसला. तोवर समज असा होता, की पीएसडीत खुंटाळी सतरंजीसारखी सरसकट पसरलेली असतात. मेरीलँडमधील थॉमस ब्लॅनपीड आणि फ्रान्समधील बोर्दो येथील दानिएल शोके यांच्या गटांनी जवळजवळ एकाच वेळी दाखवले, की पीएसडी-९५ व एएमपीए ग्राही ७० ते ८० नॅनोमीटरच्या लहान लहान पुंजक्यांत दाटलेले असतात आणि मधली जागा तुलनेने विरळ असते. बोर्दोच्या निबंधाचे पहिले लेखक दीपक नायर पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले आणि तेथे याच विषयावर त्यांचा गट काम करतो, ही आपल्यासाठी समाधानाची बाब. मग २०१६ मध्ये ब्लॅनपीड यांच्याच गटाने उरलेला दुवा जोडला. पलीकडे जेथे ग्राहींचा पुंजका, अलीकडे नेमक्या त्याच्यासमोर पिशव्या फोडणाऱ्या यंत्रणेतील रिम या प्रथिनाचा पुंजका, आणि पिशव्या बहुतांशी तेथेच फुटतात. फटीच्या आरपार जणू एक अदृश्य खांब उभा आहे. नळाखाली घागर ठेवावी तशी ही रचना. नळ चालू आहे, घागरही शाबूत आहे, पण ती वीतभर बाजूला सरकली तर पाणी वाया.

ही चित्रे पाहून भारावून जाणे सोपे आहे, म्हणून त्यांच्या मर्यादा सांगितल्याच पाहिजेत. दिसतो तो रंग, प्रथिन नव्हे. प्रथिनाला पहिले प्रतिपिंड, त्याला दुसरे, आणि त्याला रंग, अशी काठीला काठी जोडली की रंग खऱ्या जागेपासून दहा-वीस नॅनोमीटर दूर जाऊ शकतो. जेथे वीसच नॅनोमीटरची फट मोजायची तेथे हा घोटाळा क्षुल्लक नाही. त्यामुळे हल्ली उंटाच्या जातीच्या प्राण्यांपासून मिळवलेली अगदी लहान नॅनोबॉडी वापरतात. दुसरे, एकच रेणू पुन्हा पुन्हा लुकलुकला तर संगणक त्याला दहा रेणू समजू शकतो, आणि नसलेला पुंजका निर्माण होतो. तिसरे, बहुतेक चित्रे उंदराच्या किंवा घुशीच्या जातीच्या प्राण्यांच्या, बशीत वाढवलेल्या वा रसायनाने गोठवलेल्या पेशींची आहेत. जिवंत उंदराच्या मेंदूत स्टेडने पीएसडी-९५ पाहण्यापर्यंत २०१८ मध्ये मजल गेली. बालकाच्या मेंदूत असे काही पाहणे आज शक्य नाही.

या साऱ्यात बालरोगतज्ज्ञाला हसू आणणारी एक गोष्ट आहे. २०१५ मध्ये एमआयटीतील एडवर्ड बॉयडेन यांच्या गटाने प्रश्न उलटा केला: सूक्ष्मदर्शी सुधारण्याऐवजी नमुनाच मोठा का करू नये? त्यांनी मेंदूच्या कापात सोडियम पॉलिअॅक्रिलेट विणले, प्रथिने पचवून कापाचा ताठरपणा घालवला आणि पाणी ओतले. काप सर्व दिशांना सारखा, सुमारे साडेचारपट फुगला, आणि साध्या कॉन्फोकल सूक्ष्मदर्शीत बसून व होमर वेगळे दिसू लागले. सोडियम पॉलिअॅक्रिलेट म्हणजे बाळाच्या डायपरमध्ये लघवी शोषून फुगणारे तेच रसायन. ज्याच्यामुळे होणाऱ्या पुरळावर आपण रोज मलम लिहून देतो, त्या डायपरने मज्जाविज्ञानाला एवढे मोठे देणे द्यावे! २०२२ मध्ये याच पद्धतीची पुढची पायरी आली. त्यात काप सुमारे वीसपट फुगवून मग प्रतिपिंडे सोडतात. पीएसडीतील गर्दी एवढी, की एरवी प्रतिपिंडे आत शिरतच नाहीत. फुगवून गर्दी विरळ केल्यावर पूर्वी न दिसलेली प्रथिने दिसू लागली.

आता आपल्या बाह्यरुग्ण विभागाकडे वळतो. शँक प्रथिनांपैकी शँक-३ चे जनुक बाविसाव्या गुणसूत्राच्या टोकाशी, २२क्यू१३.३ येथे आहे. ते टोक तुटलेल्या मुलांच्या आजाराला फेलन-मॅकडर्मिड सिंड्रोम म्हणतात. त्याच्या निदानाचा एक प्रकार मोठा गमतीचा होता. डायजॉर्ज सिंड्रोमच्या शंकेने २२क्यू११ ची फिश तपासणी करताना बाविसावे गुणसूत्र ओळखता यावे म्हणून खुणेचा दुसरा रंग त्याच्या टोकाशी लावत. काही मुलांत शंका घेतलेला भाग शाबूत निघे, आणि ओळखीसाठी लावलेली खूणच गायब असे! २००७ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील थॉमस बूर्जरों यांच्या गटाने दाखवले, की टोक शाबूत असूनही केवळ शँक-३ जनुकात दोष असेल तर स्वमग्नता उद्भवू शकते. दोन प्रतींपैकी एक बिघडणे पुरेसे असते. स्वमग्न मुलांत हे कारण शंभरात एखाद्याच मुलात सापडते. मध्यम ते तीव्र बौद्धिक अक्षमता सोबत असेल तर दोनांपर्यंत.

होमर व जीकेएपी यांच्या मधली कडी निम्मी झाली तर साखळीचे काय होते, हे आता नॅनोमीटरच्या मापाने विचारता येते. ते विचारण्यात अर्थ आहे, कारण ही रचना पक्क्या भिंतीसारखी नाही. तिच्यातील रेणू सतत ये-जा करतात आणि नवे मिळाले तर जागा घेतात. २०१६ मध्ये गुओपिंग फेंग यांच्या गटाने शँक-३ बंद करून वाढवलेल्या उंदरांत ते जनुक प्रौढपणी पुन्हा चालू केले. पीएसडीतील प्रथिनांची भरपाई झाली, स्वतःचेच अंग ओरबाडत राहण्याची सवय घटली, इतर उंदरांशी वागणे सुधारले. भित्रेपणा आणि हालचालींतील असंबद्धता मात्र प्रौढपणी सुधारली नाही. त्यासाठी जनुक लहान वयात चालू करावे लागले. उंदरावरून मुलाचे भाकीत करू नये हे मान्य, तरी ‘जन्मजात म्हणजे कायमचे’ हा समज यापुढे जसाच्या तसा ठेवता येणार नाही.

तोवर निदान वेळेवर करणे आपल्या हाती आहे. जन्मापासून शिथिल असलेले मूल, वाढ सर्वसाधारण, बोलणे अत्यल्प किंवा मुळीच नाही, हात मोठे व मांसल, पायाची नखे पातळ व खुजी: असे मूल दिसले तर नेहमीच्या गुणसूत्र तपासणीवर थांबू नये, लहान तूट तिच्यात सुटते. क्रोमोसोमल मायक्रोअॅरे करावा. तो निर्दोष आला आणि शंका कायम असेल तर एक्सोम तपासणी. तूट सापडली तर गुणसूत्र तपासणी तेव्हा अवश्य करावी, कारण गुणसूत्र कड्यासारखे वळलेले असल्यास एनएफ-२ च्या गाठींचा धोका असतो आणि तो मायक्रोअॅरेत कळत नाही. आई-वडिलांची तपासणी पुढील अपत्याच्या दृष्टीने हवी. मूत्रपिंडांची सोनोग्राफी, झटक्यांची शंका असल्यास ईईजी, आणि श्रवणचाचणी.

या मुलांना घाम कमी येतो व अंग चटकन तापते, म्हणून मे महिन्यात दुपारच्या बस-प्रवासाबद्दल पालकांना आधीच बजावावे लागते. वेदनाही कमी जाणवते. हाड मोडूनही मूल रडत नाही, नुसते लंगडते. कान फुटायला आला तरी कानाला हात लावत नाही, फक्त जेवण सोडते. अशा मुलाच्या फाइलच्या पहिल्याच पानावर मी हे लाल शाईने लिहून ठेवतो, म्हणजे रात्री-अपरात्री दुसऱ्या डॉक्टरांकडे जावे लागले तर त्यांच्या नजरेस पडेल.